ओझोन, जखम आणि बधिर पाऊल

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कोणते व्रण सहज भरतात आणि कोणते वैद्याला दाद देत नाहीत, याचा विचार एका स्वतंत्र अध्यायात आला आहे. कष्टाने भरणाऱ्या व्रणांची यादी देताना ग्रंथकार चार प्रकारच्या रोग्यांची नावे सलग घेतो : कुष्ठी, विषबाधा झालेला, शोषाने खंगलेला आणि मधुमेही. जुन्या वैद्यकातील ‘कुष्ठ’ ही संज्ञा आजच्या कुष्ठरोगापेक्षा पुष्कळ व्यापक होती, हे खरे. तरीही कुष्ठी आणि मधुमेही यांना एकाच ओळीत बसवणारी ती नोंद विसाव्या शतकात तमिळनाडूतील एका रुग्णालयात अनपेक्षितपणे अर्थपूर्ण ठरली. तिथवर पोहोचण्यापूर्वी मात्र एका वायूची हकीकत पाहणे आवश्यक आहे. मधुमेह्याच्या पायावरील जखम भरून आणणारा वायू म्हणून त्याची कीर्ती आज देशभरातील दवाखान्यांच्या जाहिरातींतून ऐकू येते. तो वायू म्हणजे ओझोन.

प्रश्न किरकोळ नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे राष्ट्रीय निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेही व्यक्तीच्या पायावर आयुष्यात केव्हातरी व्रण होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के मानली जाते. एकदा भरलेला व्रण वर्षाच्या आत पुन्हा उघडण्याचे प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात आहे. न भरणारा व्रण हाडापर्यंत पोहोचला की पुढचा निर्णय बोट, पाऊल किंवा गुडघ्याखालचा पाय कापण्याचा असतो. अशा वेळी रुग्णाच्या नातेवाइकांना कोणी ‘वायू भरलेल्या पिशवीत पाय ठेवला की जखम भरते’ असे सांगितले, तर त्यांनी काय मानावे? या प्रश्नाचे उत्तर ओझोनच्या इतिहासातच बरेचसे दडलेले आहे.

ओझोनची पहिली ओळख त्याच्या वासाने झाली. १७८५ साली हॉलंडमध्ये मार्टिनस फान मारुम हे मोठ्या विद्युत्‌यंत्रावर प्रयोग करत असताना ठिणग्यांभोवती एक विशिष्ट उग्र वास दरवळत असल्याचे त्यांनी नोंदवले. वीज कोसळल्यानंतर येतो तोच हा वास. पुढे अर्धशतकभर कोणी त्याचा पाठपुरावा केला नाही. १८३९-४० च्या सुमारास बाझल येथील रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टियान फ्रीडरिख शोएनबाइन यांना पाण्याच्या विद्युत्‌विघटनात तोच वास आला आणि हा वास विजेचा नसून एका स्वतंत्र पदार्थाचा आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. ‘वास येणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून त्यांनी त्याला ओझोन हे नाव दिले. त्याचा रेणू प्राणवायूच्या तीन अणूंचा असतो, हे जिनिव्हाच्या झाक-लुई सोरे यांनी १८६५ नंतरच्या प्रयोगांतून दाखवले. दरम्यान १८५७ साली वेर्नर फॉन झीमेन्स यांनी काचेच्या दोन नळ्यांच्या मधल्या पोकळीतून प्राणवायू वाहू देऊन त्यात विद्युत्‌भाराने ओझोन तयार करण्याची युक्ती शोधली होती. आजच्या दवाखान्यातील ओझोनयंत्राचे तत्त्वही मूलतः तेच आहे.

हा वायू टिकत नाही. साध्या तापमानाला त्याचे प्रमाण तासाभराच्या आतच निम्म्यावर येते आणि त्याचा पुन्हा प्राणवायू होतो. त्यामुळे तो बाटलीत भरून विकता येत नाही, जिथे वापरायचा तिथेच बनवावा लागतो. त्याची मोठी शक्ती म्हणजे समोर येईल त्याचे ऑक्सिडीकरण करणे. जंतूंच्या पेशीभित्तिका तो फोडतो, म्हणूनच फ्रान्समधील नीस शहरात १९०६ पासून पिण्याच्या पाण्याचे निर्जंतुकीकरण ओझोनने होऊ लागले. त्याच शक्तीमुळे तो फुप्फुसांनाही इजा करतो.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय मध्यमवर्गाला ही दुसरी बाजू फारशी ठाऊक नव्हती. शोएनबाइन यांनी पिष्ट आणि आयोडाइड लावलेल्या कागदाच्या पट्ट्या तयार केल्या होत्या, त्या ओझोनच्या संपर्कात निळ्या पडत. या पट्ट्या घेऊन हौशी निरीक्षक समुद्रकिनाऱ्यांवर आणि डोंगरांवर हवा मोजत हिंडू लागले. जिथे पट्टी गडद निळी, तिथली हवा आरोग्यदायी, असा समज रूढ झाला. काहींनी कॉलऱ्याच्या साथींचा संबंध हवेतील ओझोनच्या कमतरतेशी जोडला. किनाऱ्यावरील विश्रामगृहांच्या जाहिरातींत ‘भरपूर ओझोन’ हे शब्द दिसू लागले. ओझोनला उपकारक मानण्याची ही सवय एखाद्या प्रयोगातून निर्माण झालेली नव्हती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. (भारतात ओझोनचे जे गंभीर शास्त्र रुजले, ते वैद्यकात नव्हे तर वातावरणविज्ञानात. १९२० च्या दशकाच्या अखेरीस डॉब्सन यांनी जगभर पाठवलेल्या ओझोनमापकांपैकी एक कोडाईकॅनलला आले आणि के. आर. रामनाथन यांनी आयुष्याची कित्येक वर्षे या वायूच्या उंच थरांच्या अभ्यासाला दिली. आकाशातला ओझोन थर रक्षक आहे म्हणून जखमेवरचा ओझोनही रक्षकच असणार, असा तर्क मात्र चालत नाही. वरचा थर अतिनील किरण शोषतो, जखमेवरचा वायू ऊतींशी रासायनिक क्रिया करतो. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही.)

जखमेवर ओझोनचा पहिला ठळक वापर पहिल्या महायुद्धात झाला. लंडनच्या क्वीन अलेक्झांड्रा लष्करी रुग्णालयात मेजर जॉर्ज स्टोकर यांनी चिघळलेल्या जखमांवर ओझोन सोडून पाहिला आणि १९१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये २१ सैनिकांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. हे स्टोकर म्हणजे ‘ड्रॅक्युला’कार ब्रॅम स्टोकर यांचे धाकटे बंधू. वायूने जखमा बऱ्या करण्याचा त्यांचा ध्यास जुना होता. १८९० च्या दशकात त्यांनी लंडनमध्ये प्राणवायूच्या साहाय्याने व्रण भरून आणण्याचे एक रुग्णालय चालवले होते. आता त्यांच्यापुढे होते ते हाडांतील पोकळ्या आणि महिनोन्‌महिने वाहणारे नाडीव्रण घेऊन आलेले तरुण सैनिक. ओझोन जखमेकडे रक्तप्रवाह वाढवतो आणि जंतूंचा नाश करतो, असे त्यांचे मत होते. निकाल समाधानकारक असल्याचे त्यांनी लिहिले.

त्या काळाकडे न्याय्य दृष्टीने पाहिले पाहिजे. पेनिसिलिन अजून सापडलेले नव्हते. शेणखताने भरलेल्या फ्लँडर्सच्या शेतांत जखमी झालेल्या सैनिकाला वायुकोथाने गाठले की हात-पाय कापणे हाच बहुधा उपाय असे. अशा स्थितीत ज्याला जे सुचेल ते तो करून पाहत होता. फ्रान्समध्ये अलेक्सिस कॅरेल आणि हेन्री डेकिन यांनी सौम्य हायपोक्लोराइटचे द्रावण रबरी नळ्यांनी जखमेत ठरावीक वेळाने सोडण्याची पद्धत बसवली. बुलोन येथील प्रयोगशाळेत अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी काचेची एक कृत्रिम जखम बनवली. वेड्यावाकड्या फाटलेल्या मांसासारखे काचेचे निमुळते फाटे काढलेली ती नळी होती. तिच्यात जंतू वाढवून त्यावर जंतुनाशक ओतले, तरी फाट्यांच्या टोकाशी जंतू जिवंत राहत आणि द्रावण काढून टाकताच पुन्हा वाढत, हे त्यांनी दाखवले. शिवाय ही तीव्र द्रव्ये जंतूंआधी जखमेतल्या पांढऱ्या पेशी मारतात, हेही त्यांच्या लक्षात आले. स्टोकर यांच्या २१ जणांच्या वृत्तांताशेजारी फ्लेमिंग यांची ती काचेची नळी ठेवली की दोन प्रकारच्या पुराव्यांतला फरक दिसतो. एकीकडे बरे झालेले रुग्ण आहेत, पण ओझोन न देता तसेच रुग्ण बरे झाले असते का, हे कळण्याचा मार्ग नाही. दुसरीकडे एकही रुग्ण नाही, पण विचारलेला प्रश्न नेमका आहे.

युद्धानंतर ओझोनचा धागा मुख्यतः जर्मनभाषक देशांत चालू राहिला, तोही एका दातामुळे. झुरिचचे दंतवैद्य एडवर्ड फिश ओझोन मिसळलेले पाणी वापरत. त्यांच्याकडे उपचारासाठी आलेले एर्विन पाएर हे त्या काळचे नामांकित शल्यविशारद होते. आपल्या दाताचे दुखणे बरे झाल्याने प्रभावित होऊन पाएर यांनी ओझोन शस्त्रक्रियेत वापरायला घेतला आणि १९३५ साली बर्लिनच्या शल्यचिकित्सक परिषदेत त्यावर निबंध वाचला. परंतु ओझोनपुढे टिकणारे साहित्य त्या काळी नव्हते. रबराच्या नळ्या व पिशव्या तो खाऊन टाकी. थोड्याच वर्षांत प्रतिजैविके आली आणि ओझोनची गरजच उरली नाही, असे वाटू लागले. ओझोनला दाद न देणारे प्लॅस्टिक उपलब्ध झाल्यावर, १९५० नंतर, जर्मनीत योआखिम हेन्सलर यांच्यासारख्यांनी वैद्यकीय मात्रेचे यंत्र तयार केले आणि पायाभोवती पिशवी बांधून तीत ओझोन सोडण्याची पद्धत पुन्हा सुरू झाली.

पुनरागमनाबरोबर अतिरेकही आला. रक्तात, स्नायूंत, सांध्यांत, गुदमार्गाने, अशा नाना वाटांनी ओझोन देऊन कर्करोगापासून एड्सपर्यंत सर्व काही बरे करण्याचे दावे होऊ लागले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आपल्या नियमावलीत ओझोन हा विषारी वायू असून त्याचा कोणताही उपयुक्त वैद्यकीय वापर ज्ञात नाही, अशी स्पष्ट तरतूद केली. बंदिस्त जागेत वैद्यकीय उपकरणातून बाहेर पडणाऱ्या ओझोनची मर्यादा दहा लाख भागांत ०.०५ भाग इतकी घालून दिली. या सरसकट नकाराने एक नुकसानही केले. जखमेवर बाहेरून ओझोन लावणे हा तुलनेने मर्यादित आणि तपासण्याजोगा प्रश्न होता. तो अद्भुत दाव्यांच्या गर्दीत सापडला आणि गंभीर संशोधक त्यापासून दूर राहिले.

दरम्यान मधुमेहाच्या बाजूला चित्र बदलले होते. १९२२ नंतर इन्सुलिन मिळू लागल्यावर मधुमेही माणूस दीर्घायुषी झाला आणि दीर्घकाळ राहिलेल्या मधुमेहाचे परिणाम दिसू लागले. बॉस्टनच्या एलियट जोस्लिन यांनी १९३४ साली मधुमेही कोथाच्या वाढत्या संकटावर लेख लिहून धोक्याची घंटा वाजवली. रक्तातली अतिरिक्त साखर वर्षानुवर्षे राहिली की पायांच्या चेतातंतूंची संवेदना जाते, घाम सुटणे थांबून त्वचा कोरडी पडून भेगाळते, पावलाचे लहान स्नायू दुबळे होऊन बोटे वाकडी होतात आणि तळव्याच्या एखाद्याच बिंदूवर सारा भार येतो. त्यात धमन्या अरुंद झालेल्या असतील तर रक्तपुरवठाही अपुरा. चपलेतला खडा टोचत नाही, तापलेली फरशी भाजत नाही. जखम झाल्याचे माणसाला मोज्यावरचा डाग पाहून कळते.

अशा जखमेवर ओझोन नेमके काय करतो? इटलीतील सिएना विद्यापीठाचे व्हेलिओ बॉची यांनी या प्रश्नाला आयुष्याची अनेक वर्षे दिली. त्यांच्या मांडणीनुसार ओझोन स्वतः पेशींपर्यंत पोहोचतच नाही. जखमेच्या ओलाव्यातील मेदाम्लांशी आणि इतर रेणूंशी तो तत्क्षणी संयोग पावतो. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मेदांची ऑक्सिडीकृत रूपे तयार होतात आणि तीच पेशींना संदेश देतात. अल्प प्रमाणातील हा धक्का पेशींची स्वतःची ऑक्सिडीकरणविरोधी यंत्रणा जागी करतो, जास्त प्रमाणात तोच धक्का त्यांना मारतो. ओझोन मिसळलेल्या वनस्पतितेलांतही असेच होते. वायू तेलातील दुहेरी बंधांशी जोडला जाऊन ओझोनाइड बनतात आणि ती जखमेवर सावकाश विघटित होतात. ही उपपत्ती रसायनशास्त्राच्या दृष्टीने सुसंगत आहे, तिला हसण्याचे कारण नाही. पण सुसंगत उपपत्ती आणि भरलेली जखम यांच्यामध्ये रुग्णांवरील तुलनात्मक चाचणी उभी असते.

मधुमेही पायासाठी तशी पहिली लक्षणीय चाचणी क्युबात झाली. तिथल्या सरकारने ओझोनसाठी हवानात स्वतंत्र संशोधन केंद्र उभारले होते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत १०१ रुग्ण होते. निम्म्यांना पिशवीतून व गुदमार्गाने ओझोन दिला, उरलेल्यांना प्रतिजैविके. वीस दिवसांत ओझोन मिळालेल्यांचे व्रण अधिक आकसले आणि रुग्णालयातील मुक्काम सरासरी आठ दिवसांनी घटला. मात्र त्या मुदतीत पूर्ण भरलेल्या व्रणांच्या संख्येत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. शिवाय कोणाला काय दिले आहे, हे रुग्ण आणि वैद्य दोघांनाही उघड दिसत होते.

ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न इस्रायलमधील होलोनच्या संशोधकांनी केला आणि त्यांची २०११ सालची चाचणी विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने बारकाईने वाचावी अशी आहे. ६१ रुग्णांपैकी ३२ जणांना नेहमीच्या उपचारांबरोबर ओझोन दिला. २९ जणांच्या पायाला तशीच पिशवी बांधली, तसेच यंत्र लावले, पण ओझोन दिला नाही. कोण कोणत्या गटात आहे, हे रुग्णाला वा तपासनिसाला माहीत नव्हते. शेवटी पूर्ण भरलेल्या जखमांचे प्रमाण ओझोन गटात ४१ टक्के आणि दुसऱ्या गटात ३३ टक्के निघाले. हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो इतका लहान होता. मग संशोधकांनी ठरलेले सर्व उपचार शेवटपर्यंत पूर्ण करणाऱ्या ३४ जणांचाच हिशेब केला. त्यात आकडे ८१ विरुद्ध ४४ टक्के असे आले आणि फरक अर्थपूर्ण ठरला.

जाहिरातींना साहजिकच ८१ हा आकडा आवडतो. पण तो कुठून आला ते पाहावे. ओझोन गटात उपचार पूर्ण करणारे १६ जण होते. १६ चे ८१ टक्के म्हणजे १३. आणि मूळच्या ३२ जणांचे ४१ टक्के म्हणजेही १३ च. भरलेल्या जखमा तेवढ्याच राहिल्या, फक्त छेद निम्मा झाला. मध्येच सोडून गेलेले १६ जण का गेले? त्यांच्यापैकी काहींची जखम चिघळली असेल, काही कंटाळले असतील, काहींना येणे-जाणे परवडले नसेल. ज्यांची प्रकृती बरी, तेच शेवटपर्यंत टिकतात, आणि टिकलेल्यांचाच हिशेब केला की उपचार आहे त्यापेक्षा गुणकारी भासतो. म्हणून यादृच्छिक वाटणी झाल्यावर जो ज्या गटात पडला त्याला त्याच गटात मोजायचे, तो मध्येच निघून गेला तरी, असा चाचणीशास्त्राचा दंडक आहे. होलोनच्या संशोधकांनी दोन्ही आकडे प्रामाणिकपणे छापले. ते वाचणाऱ्यांनी मात्र बहुधा एकच उचलला.

चीनमधील ग्वांगझूची ५० रुग्णांची चाचणी २०१४ साली आली. तिच्यात ओझोन दिलेल्यांच्या जखमेतील ऊतींत नव्या रक्तवाहिन्या व तंतू घडवणारी वृद्धिघटके अधिक आढळली, म्हणजे बॉची यांच्या उपपत्तीला थोडा आधार मिळाला. पुढल्याच वर्षी कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याने या तिन्ही चाचण्यांतील २१२ रुग्णांचा एकत्र विचार केला. नेहमीच्या उपचारांना ओझोनची जोड दिल्यास जखम पूर्ण भरण्याची शक्यता १.६९ पट दिसत होती, परंतु खरे मूल्य ०.९० पासून ३.१७ पर्यंत कुठेही असू शकत होते. तिप्पट फायदाही या पल्ल्यात बसतो आणि किंचित तोटाही. यावरून निष्कर्ष काढता येत नाही, असे आढावाकारांनी लिहिले. त्यानंतरही चाचण्या होत राहिल्या. मधुमेही पावलासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत ओझोन, शीत प्लाझ्मा, नायट्रिक ऑक्साइड अशा वायूंचा वापर जखम भरण्यासाठी करू नये, असा सल्ला दिला. बाहेरून दिलेला साधा प्राणवायू मात्र पूरक उपचार म्हणून विचारात घेण्याजोगा मानला गेला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ७३ रुग्णांच्या आंधळ्या चाचणीत दाबाखालच्या प्राणवायूने १२ आठवड्यांत ४१.७ टक्के व्रण भरले होते, नुसत्या हवेने १३.५ टक्के. गंमत अशी की स्टोकर यांनी प्राणवायूपासून सुरुवात करून ओझोनकडे मोर्चा वळवला होता. शतकानंतर पुराव्याचे पारडे त्यांच्या पहिल्या वायूकडे झुकले.

या सर्व चाचण्यांना एक समान पाया आहे : नेहमीचे उपचार. मृत ऊती काढणे, संसर्ग आवरणे, रक्तपुरवठा तपासणे आणि जखमेवरचा भार काढणे. यांतल्या शेवटच्या उपचाराची कहाणी भारताशी निगडित आहे.

१९३९ साली ‘लेप्रसी इन इंडिया’ या नियतकालिकात डॉ. खान यांनी कुष्ठरोग्यांच्या तळपायावरील व्रणांना प्लास्टरचा साचा घालून केलेल्या उपचारांची माहिती दिली. त्याच सुमारास सिलोनमध्ये मिलरॉय पॉल हेही हीच पद्धत वापरत होते. १९४६ च्या अखेरीस तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पॉल ब्रँड हे शल्यविशारद रुजू झाले. कोल्ली डोंगरात, मिशनरी आईबापांच्या पोटी १९१४ साली त्यांचा जन्म झाला होता. कुष्ठरोग्यांची बोटे व पावले रोगाने ‘सडतात’, असा तेव्हाचा सार्वत्रिक समज होता. ब्रँड यांना वेगळेच दिसले. गंजलेले कुलूप हाताने फिरवताना बोट रक्ताळते आणि रोग्याला पत्ता नसतो. बोटांचे तुकडे रातोरात नाहीसे होतात, कारण झोपेत उंदीर कुरतडतात आणि वेदना नसल्याने जाग येत नाही. (त्यावर काढलेला उपाय म्हणजे रोग्यांना मांजरी देणे. तो लागू पडला.) मांस रोगट नव्हते, ते इतरांच्या मांसासारखेच भरून येत होते. गेली होती ती वेदना. निरोगी माणूस लांब चालला की नकळत पाऊल थोडे तिरपे टाकतो आणि दुखऱ्या जागेवरचा भार बदलतो. बधिर पायाचा माणूस त्याच बिंदूवर हजारो वेळा पाऊल आपटत राहतो. त्याच्या व्रणावर कोणतेही मलम लावले तरी पुढचे पाऊल ते धुऊन नेते.

गुडघ्याखाली घट्ट बसणारा, तळव्याच्या प्रत्येक भागाला टेकणारा प्लास्टरचा साचा भार एका बिंदूवरून साऱ्या पायावर पसरवतो. वेल्लोरमध्ये ब्रँड यांनी हा उपचार पद्धतशीर केला आणि व्रण पुन्हा होऊ नये म्हणून सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराच्या चपला तयार करवून घेतल्या. त्या एमसीआर चपला आजही देशभरच्या कुष्ठरोग आणि मधुमेह केंद्रांत दिल्या जातात. १९६० च्या दशकाच्या मध्यास ब्रँड अमेरिकेतील कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे मधुमेह्यांचे पाय पाहिल्यावर त्यांना वेल्लोरचीच जखम ओळखू आली. उंदरांच्या पंजावर दिवसाला हजारो वेळा मध्यम दाब देऊन, एकही मोठी इजा न करता व्रण निर्माण होतो, हे त्यांच्या गटाने प्रयोगाने दाखवले. आज कोणत्याही मधुमेह दवाखान्यात पायाची संवेदना तपासण्यासाठी १० ग्रॅमचा नायलॉनचा तंतू वापरतात, त्या तंतूचा हा निकषही कारव्हिलमध्येच १९८६ साली ठरला. सुश्रुतसंहितेच्या ओळीतले कुष्ठी आणि मधुमेही अशा रीतीने एका साच्यात आले.

साच्याची परीक्षाही झाली. १९८९ सालच्या एका चाचणीत साचा घातलेल्या २१ व्रणांपैकी १९ भरले, नेहमीच्या पट्ट्यांनी १९ पैकी ६. २००१ साली तीन पद्धतींची तुलना झाली तेव्हा बारा आठवड्यांत साच्याने ८९.५ टक्के, काढता येणाऱ्या बुटाने ६५ टक्के आणि अर्ध्या पादत्राणाने ५८.३ टक्के व्रण भरले. काढता येणारा बूट मागे का पडला, याचे कारण दोन वर्षांनी कळले. पावले मोजणारे यंत्र लपवून लावल्यावर असे दिसले की रुग्ण दिवसभरातल्या एकूण हालचालींपैकी केवळ २८ टक्के हालचालींच्या वेळी बूट घालत होते. साच्याचा गुण त्याच्या आकारात जेवढा आहे, तेवढाच तो काढता न येण्यातही आहे.

अर्थात प्रत्येक पायाला साचा घालता येत नाही. रक्तपुरवठा फारच कमी असेल किंवा खोल संसर्ग असेल तर तो घातक ठरतो. तो घालणारा प्रशिक्षित हात लागतो, एक-दोन आठवड्यांनी बदलावा लागतो आणि शेतात वा बांधकामावर रोजंदारी करणाऱ्या माणसाला तो पायात घेऊन बसणे परवडत नाही. भारतातील पुष्कळ रुग्ण याच कारणांनी त्याच्यापासून वंचित राहतात. दवाखान्याला यंत्र दाखवता येते, त्याचे शुल्क आकारता येते. प्लास्टर, विश्रांती आणि चप्पल यांची जाहिरात कोण करणार?

ओझोनच्या पुढच्या चाचणीसमोर एक अवघड पेचही आहे, आणि तो पैशाचा नाही. होलोनच्या पद्धतीत सुरुवातीचे आठवडे दर आठवड्याला चार वेळा पाय उघडा करून पिशवीत ठेवावा लागत होता. साचा मात्र आठवडा-दोन आठवडे बंद राहिला तरच काम करतो. म्हणजे सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपचार आणि ओझोन यांना एकाच पायावर एकाच वेळी नांदवता येत नाही. ओझोन द्यायचा तर साच्याऐवजी काढता येणारा बूट द्यावा लागेल, आणि मग दोन्ही गटांतील रुग्ण तो बूट किती वेळ पायात ठेवतात हे मोजावे लागेल. अन्यथा पिशवीतील वायूचा परिणाम कोणता आणि आठवड्यातून चार दिवस दवाखान्यात पाय वर करून बसल्याचा कोणता, हे वेगळे काढता येणार नाही. ओझोन मिसळलेले तेल साच्याच्या आत, पट्टीखाली आठवडाभर ठेवून पाहणे हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग आहे. ओझोनाइडे सावकाश विघटित होतात हा गुण तिथे उपयोगी पडू शकतो. त्यासाठी एका गटाला ओझोनचे तेल, दुसऱ्याला तसेच साधे तेल, दोघांनाही सारखाच साचा आणि मध्येच निघून जाणाऱ्या प्रत्येकाचा हिशेब, एवढी तयारी लागेल.